ठोके घड्याळ मोजेल, विचारपूस आपण करायची

दहावी-बारावीच्या वर्षात घरात गाइडं आणि टेस्ट सिरीज येतात, तसं आता मनगटावर स्मार्टवॉचही येतं. वाढदिवसाला घेतलेलं, मामानं परदेशातून आणलेलं किंवा ऑनलाइन सेलमधून मागवलेलं. त्याच्या ॲपमध्ये पावलं, झोप आणि हृदयाचे ठोके दिसतात, आणि एका कोपऱ्यात 'ताण' नावाचा आकडाही असतो. तो आकडा पाहिला की पालकांच्या मनात प्रश्न येतोच. पोरगं महिनाभर धड बोलत नाही, दार लावून बसतं. घड्याळ तरी सांगेल का त्याच्या मनात काय चाललंय ते?

या प्रश्नाच्या पोटात एक दुसरा प्रश्न असतो आणि तो बहुतेकांना उच्चारवत नाही. आपलं मूल जिवाचं काही बरंवाईट तर करून घेणार नाही ना?

ही भीती निराधार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांचा आत्महत्येनं मृत्यू झाला. त्यातले 1,764 महाराष्ट्रातले होते आणि हा आकडा सगळ्या राज्यांत सर्वाधिक होता. त्यामुळे एखादं यंत्र आधीच सावध करेल ही आशा कुणालाही वाटेल. जगभरातले संशोधकही त्या दिशेनं कामाला लागले आहेत. या लेखात दोन गोष्टी पाहू. घड्याळ मोजतं काय आणि त्यातून कळतं किती, ही पहिली. घरी आणि शाळेत त्याचा उपयोग कसा करायचा, ही दुसरी.

सगळ्या लेखाचं सार आधीच सांगून ठेवते. घड्याळ विचारपूस करायला निमित्त देऊ शकतं, पण उत्तर मुलाकडूनच येतं. आणि घड्याळानं काहीच निमित्त दिलं नाही, तरी विचारायचं असतंच.

घड्याळ नेमकं काय मोजतं?

मनगटावर टेकणाऱ्या घड्याळाच्या पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकताना तुम्ही पाहिला असेल. प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्ताची लाट येते आणि ते रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. परत आलेल्या प्रकाशातल्या कमी-जास्तपणावरून घड्याळ ठोके ओळखतं. हात हलला, पट्टा सैल पडला किंवा घाम आला की मोजणी बिघडते. म्हणून दिवसभराच्या धावपळीतल्या आकड्यांपेक्षा झोपेतले आकडे जास्त विश्वासाचे असतात.

ठोके किती पडले याच्या जोडीला घड्याळ आणखी एक गोष्ट टिपतं, दोन ठोक्यांमधलं अंतर. मिनिटाला साठ ठोके म्हणजे दर सेकंदाला बरोबर एक ठोका, असं आपल्याला वाटतं. निरोगी हृदय इतक्या काटेकोर तालात चालत नाही. एक अंतर 0.94 सेकंदाचं असेल, तर पुढचं 1.05 सेकंदाचं. श्वास आत घेताना हृदय किंचित वेगात चालतं, सोडताना मंदावतं. या चढउताराला 'हार्ट रेट व्हेरिएबिलिटी', थोडक्यात एचआरव्ही, म्हणतात.

श्वासाबरोबर नाडी बदलते हे इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स यांनी 1733 मध्येच नोंदवलं होतं. 1965 मध्ये हॉन आणि ली या संशोधकांनी दाखवलं, की पोटातलं बाळ संकटात असतं तेव्हा ठोक्यांचा वेग बदलण्याआधीच दोन ठोक्यांमधल्या अंतराचा हा चढउतार बदलतो. 1996 मध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून या मोजमापाचे निकष ठरवले. म्हणजे मोजमाप जुनं आणि पक्क्या पायावरचं आहे. नवीन आहे ते एवढंच, की ईसीजीच्या खोलीतून ते आता मुलांच्या मनगटावर आलं आहे.

मनाचा आणि ठोक्यांचा संबंध

वाईट बातमी ऐकली की काळजात धस्स होतं, निकालाच्या दिवशी छाती धडधडते. मनाचं हृदयाशी असलेलं नातं आपल्या बोलण्यात पूर्वीपासून आहे. शरीरशास्त्रात त्याची वाटही सापडते. मेंदूतून निघणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयापर्यंत जातो आणि ठोक्यांना सतत लगाम घालत असतो. तो नीट काम करत असेल तर धक्का बसल्यावर शरीर लवकर पूर्वपदावर येतं आणि एचआरव्ही चांगली दिसते. दीर्घकाळ ताण, नैराश्य किंवा चिंता असलेल्या लोकांच्या गटांत ती सरासरीनं कमी आढळते. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांमध्येही काही अभ्यासांत असा संबंध दिसला आहे.

'गटांत' आणि 'सरासरीनं' हे दोन शब्द मात्र सोडू नका. मुलांची सरासरी उंची मुलींपेक्षा जास्त असते, म्हणून केवळ उंचीवरून समोरची व्यक्ती मुलगा आहे की मुलगी हे सांगता येत नाही. इथेही तसंच आहे. नैराश्य असलेल्या कित्येकांची एचआरव्ही चांगली असते आणि आनंदी माणसाचीही कमी असू शकते.

शिवाय ती कमी व्हायला कारणं ढीगभर आहेत. ताप, जागरण, संध्याकाळी प्यायलेली कॉफी किंवा एनर्जी ड्रिंक, उन्हात खेळून आलेला थकवा, शरीरात पाणी कमी पडणं. मुलींमध्ये पाळीच्या चक्राप्रमाणे आकडे हलतात. एकाग्रतेसाठी किंवा नैराश्यासाठी दिलेली काही औषधंही ठोक्यांवर परिणाम करतात. त्यात वाढत्या वयात शरीर रोज बदलत असतं. सहामाही परीक्षेच्या आठवड्यात अर्ध्या वर्गाचे आकडे खाली गेले, तर त्यातून कळेल ते इतकंच, की मुलं जागली.

मग यंत्र आधी इशारा का देऊ शकत नाही?

आत्महत्येचं भाकीत करणं किती अवघड आहे याचा मोठा आढावा 2017 मध्ये जोसेफ फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी घेतला. पन्नास वर्षांतले 365 अभ्यास त्यांनी एकत्र केले. निदान, पूर्वीचा प्रयत्न, घरची परिस्थिती अशा ज्या घटकांवर आपण विसंबतो, त्यांपैकी कोणत्याही एकावरून केलेलं भाकीत नाणं उडवण्यापेक्षा फारसं सरस ठरलं नाही. जे अनुभवी डॉक्टरांना एका लक्षणावरून जमत नाही, ते मनगटावरच्या एका आकड्याला कसं जमावं?

त्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठातले मॅथ्यू नॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळ्या वाटेनं शोध घेतला. आत्महत्येचे विचार येणाऱ्या व्यक्तींना त्यांनी दिवसातून अनेकदा फोनवर प्रश्न विचारले. तेव्हा दिसलं, की हे विचार काही तासांतच चढतात आणि उतरतात. सकाळी बरा वाटणारा माणूस संध्याकाळी तळाशी असू शकतो. या चढउताराला पकडता यावं म्हणूनच फोन आणि मनगटी पट्ट्यांवरून मिळणारी माहिती किशोरवयीन मुलांच्या बाबतीत तपासण्याचे प्रकल्प अमेरिकेत सुरू झाले. हे काम मोलाचं आहे. पण ते संशोधन आहे. दुकानात मिळणारं कोणतंही घड्याळ आत्महत्येचा धोका मोजण्याचं वैद्यकीय साधन म्हणून प्रमाणित झालेलं नाही.

समजा, उद्या खरंच चांगलं यंत्र आलं. एक काल्पनिक हिशेब करू. एका शहरात दहा हजार किशोरवयीन मुलं आहेत आणि त्यांतली वीस जण खरोखर गंभीर धोक्यात आहेत. यंत्र धोक्यातल्या शंभरांपैकी नव्वद जणांना ओळखतं आणि धोका नसलेल्या शंभरांपैकी नव्वद जणांना बरोबर सोडून देतं. मग वीसपैकी अठरा मुलं सापडतील आणि दोन निसटतील. पण धोका नसलेल्या 9,980 मुलांपैकी 998 जणांच्या मनगटावरही इशारा वाजेल. एकूण 1,016 इशाऱ्यांत खरे अठरा, म्हणजे शंभरात दोनसुद्धा नाहीत. त्या हजार घरांत एका रात्रीत काय उलथापालथ होईल याची कल्पना करा. आणि जी दोन मुलं निसटली, त्यांच्या घरी आकडा पाहून सगळे निर्धास्त असतील.

हा निर्धास्तपणाच मला सर्वांत धोक्याचा वाटतो. काही वेळा खूप दिवस तडफडणारं मूल अचानक शांत होतं, वस्तू वाटून टाकतं, सगळ्यांशी गोड बोलतं. ही शांतता कधी कधी मनात झालेल्या घातक निर्णयाची असते. घड्याळ त्या रात्रीला 'चांगली झोप, ताण कमी' असा शेरा देऊ शकतं.

घरात घड्याळ वापरायचं असेल तर

घड्याळ घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. काही पथ्यं पाळली तर ते उपयोगी पडतं.

1. मुलाला विचारून सुरुवात करा. काय मोजलं जाणार, कोण पाहणार, आणि नको वाटलं तर बंद करता येईल, हे आधी स्पष्ट बोला. मुलाच्या नकळत आपल्या फोनवर त्याचे आकडे उघडून बसणं ही पाळत आहे. ती उघडी पडली की तुमच्यावरचा विश्वास जातो, आणि कठीण वेळी मूल ज्याच्याकडे येईल तो माणूसच कमी होतो.

2. पहिले तीन-चार आठवडे फक्त पाहा. मुलाची तुलना त्याच्याशीच करायची. बहिणीचा आकडा, मित्राचा आकडा, इंटरनेटवरचा तक्ता यांच्याशी ताडून काही हाती लागत नाही. दोन कंपन्यांची घड्याळंही एकमेकांशी ताडू नका. ॲपल वॉच एचआरव्हीचं एक माप दाखवतं, फिटबिट दुसरंच, आणि दोन्हींना नाव मात्र एचआरव्हीच असतं.

3. रोजचा आकडा सोडून द्या, कल पाहा. एका रात्रीच्या घसरणीला अर्थ नाही. झोपेतल्या ठोक्यांचा वेग दोन आठवडे वाढलेला, एचआरव्ही घसरलेली आणि ताप-सर्दी, परीक्षा, स्पर्धा असं काही कारण दिसत नाही, तर शांतपणे बोलायला बसा.

4. झोपेकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. मूल किती वाजता झोपलं आणि किती वाजता उठलं, हे घड्याळ बऱ्यापैकी सांगतं. गाढ झोप आणि स्वप्नांची झोप यांचे त्यानं पाडलेले भाग मात्र फार मनावर घेऊ नका. बिघडलेली झोप आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसला आहे. रात्री तीनपर्यंतची जाग आठवडाभर दिसत असेल, तर एचआरव्हीपेक्षा ती बोलकी समजा.

5. 'ताण'सूचना बंद ठेवा. दर तासाला 'तुम्ही तणावात आहात' असं सांगणारं यंत्र काळजीखोर मुलाची काळजी वाढवतं. आकड्यातच मूल अडकलं, तर घड्याळ काही दिवस कपाटात ठेवा.

6. श्वासासाठी वापरा. मिनिटाला साधारण सहा या गतीनं संथ श्वास घेतला की एचआरव्ही वाढते आणि अनेकांना शांत वाटतं. मूल स्वतःच्या डोळ्यांनी ठोके शांत होताना पाहतं, तेव्हा शरीरावर आपला थोडा ताबा आहे हे त्याला पटतं. हा उपचार नव्हे, पण वादळाच्या क्षणी हाताशी असलेला आधार आहे.

डॉक्टरांकडे जाताना

मुलावर मानसोपचार सुरू असतील तर घड्याळाचा उपयोग जास्त नेमका होऊ शकतो. मानसोपचारतज्ज्ञ विचारतात, "झोप कशी आहे?" आणि मूल म्हणतं, "ठीक." त्या वेळी महिन्याच्या झोपेचा आलेख समोर असला की गप्पा खऱ्या मुद्द्यावर येतात. औषध बदलल्यानंतर ठोक्यांत फरक पडला का, दिवसभरातली हालचाल वाढली का, हेही दिसतं. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयातून घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात. तेव्हा आकडे सोबत न्या, पण पुढच्या भेटीची तारीख त्याहून महत्त्वाची समजा. आकडे सुधारले म्हणून भेट चुकवू नका आणि औषध स्वतःहून थांबवू नका.

ठोके वारंवार अनियमित दिसत असतील, मूल चक्कर येऊन पडत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर हा मनाचाच प्रश्न आहे असं गृहीत धरू नका. आधी बालरोगतज्ज्ञांना किंवा हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा.

विचारायचं कसं?

सगळ्या यंत्रांपेक्षा स्वस्त, जुनं आणि जास्त तपासलेलं साधन म्हणजे सरळ विचारलेला प्रश्न. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी रुग्णालयात येणाऱ्या मुलांसाठी चार प्रश्नांची चाचणी तयार केली. ती 2012 मध्ये प्रसिद्ध झाली आणि विचारायला साधारण वीस सेकंद लागतात. मरून जावं असं वाटलं का, आपण नसतो तर घरच्यांचं बरं झालं असतं असं वाटलं का, स्वतःला संपवण्याचे विचार आले का, पूर्वी कधी प्रयत्न केला का, असा त्या प्रश्नांचा आशय आहे. त्यात कसलाही सेन्सर लागत नाही.

"विचारलं तर डोक्यात नसलेला विचार घातला जाईल" ही भीती घरोघरी आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर हे तपासलं गेलं आणि 2005 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. प्रश्न विचारलेल्या मुलांचा त्रास किंवा त्यांचे असे विचार वाढले नाहीत. आधीच खचलेल्या मुलांना तर विचारल्यानं थोडं हलकं वाटल्याचं दिसलं.

वेळ निवडा. जेवणाच्या ताटावर, पाहुण्यांसमोर किंवा मार्कांवरून वाद झाल्यावर हे बोलू नका. दुचाकीवरून जाताना, भाजी निवडताना किंवा रात्री अंथरुणाशेजारी मुलं जास्त बोलतात, कारण तिथे डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही. सुरुवात दिसलेल्या गोष्टीवरून करा.

"अगं, गेले दोन आठवडे तुला रात्री झोप लागत नाहीये असं दिसतंय. खेळायलाही जात नाहीस. मला तुझी काळजी वाटते. काय होतंय?"

उत्तर आलं नाही तरी घाई करू नका, गप्प बसून राहा. मग हळूच पुढचा प्रश्न विचारा.

"इतका त्रास होतो तेव्हा कधी असं वाटतं का, की जगूच नये?"

आणि मान हलली, तर:

"आत्महत्येचा विचार येतो का? कसं करायचं याचा विचार केला आहेस का? आत्ता, या क्षणी तसं वाटतंय का?"

'बरंवाईट', 'वेडंवाकडं', 'काहीतरी' हे शब्द आपल्या सवयीचे आहेत. पण त्यांच्या आडोशाला मूलही लपतं. 'आत्महत्या' हा शब्द तुम्ही शांत आवाजात उच्चारलात, की या घरात हे बोलता येतं असा मुलाला निरोप मिळतो.

उत्तर 'हो' आलं तर तुमच्या काळजाचं पाणी होईल. तरी त्या क्षणी रडारड, रागावणं, शपथा घालणं टाळा. "आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं", "लोक काय म्हणतील", "आमच्या वेळी असली थेरं नव्हती" यांतलं एकही वाक्य तोंडून निघू देऊ नका. म्हणायचं एवढंच: "बरं झालं सांगितलंस. तू एकटी नाहीस. आपण मिळून यातून वाट काढू." कुणालाही न सांगण्याचं वचन मात्र देऊ नका. "सगळ्यांना सांगत सुटणार नाही, पण तुला सुरक्षित ठेवायला ज्यांची मदत लागेल त्यांना सांगेन," हे खरं आणि पाळता येण्याजोगं वचन आहे.

घड्याळात न दिसणारी लक्षणं

मरणाबद्दल बोलणं, लिहिणं किंवा स्टेटस ठेवणं. "माझं ओझं झालंय" असं म्हणणं. आवडत्या वस्तू देऊन टाकणं. मित्रमैत्रिणी तोडणं, आवडता खेळ सोडणं. अंगावर स्वतः केलेल्या जखमा आणि त्या झाकायला उकाड्यातही लांब बाह्या. नशा सुरू होणं. आणि वर सांगितलेली अचानक शांतता. यातलं काही दिसलं, विशेषतः प्रेमभंग, निकाल, छळ, घरातलं मोठं भांडण किंवा जवळच्या कुणाचा मृत्यू यांच्या आगेमागे दिसलं, तर आकडे काय म्हणतात ते पाहत बसू नका.

तातडीची वेळ आली तर

मूल आत्ता जीव देण्याची भाषा करत असेल, त्याच्याकडे योजना असेल, तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका. जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात घेऊन जा किंवा 112 वर फोन करा. सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 वर दिवसरात्र मराठीतही बोलता येतं, आणि पालकांनाही तिथे सल्ला मिळतो. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइनही आहे.

पोलिसांचं लचांड मागे लागेल म्हणून काही घरं रुग्णालयात जायला कचरतात. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं मानलं जातं. तिच्यावर खटला भरायचा नाही, तिला उपचार आणि पुनर्वसन देणं हे सरकारचं कर्तव्य आहे, असं हा कायदा सांगतो. जीव वाचवताना ही भीती बाळगू नका.

घर सुरक्षित करणं हे यंत्रापेक्षा कितीतरी परिणामकारक काम आहे, आणि ते आजच करता येतं. घरातली उरलेली औषधं फेकून द्या, लागणारी औषधं कुलपात ठेवा आणि मोजून द्या. शेतकरी घरात फवारणीचं औषध घरात न ठेवता मुलांच्या हाताबाहेर, कुलूपबंद ठेवा. विचार काही तासांत ओसरू शकतो हे आपण वर पाहिलं. तेवढा वेळ साधन हाताशी नसलं तर जीव वाचतो. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली. त्यानंतरच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्येचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी घटलं.

वादळ ओसरल्यावर समुपदेशकाच्या मदतीनं एक कागद तयार करा. त्याला सुरक्षा आराखडा म्हणतात. बार्बरा स्टॅन्ले आणि ग्रेगरी ब्राउन यांनी तो रूढ केला. वाईट वाटायला लागल्याच्या खुणा कोणत्या, एकट्यानं काय केलं की बरं वाटतं, कुणाकडे जाता येईल, कुणाला मदत मागायची, डॉक्टर आणि हेल्पलाइनचे नंबर, घर सुरक्षित कसं ठेवायचं, हे सगळं मुलाच्याच शब्दांत त्यावर लिहायचं. पहिल्या रकान्यात मूल म्हणालं, "तीन रात्री झोप झाली नाही की मला भरून येतं," तर घड्याळाचा झोपेचा आकडा तिथे चपखल बसतो. कारण आता त्याचा अर्थ मुलानं स्वतः सांगितलेला असतो.

शाळा आणि क्लासेससाठी दोन शब्द

सगळ्या मुलांना पट्टे बांधून डॅशबोर्डवर लाल-हिरवे ठिपके पाहण्याची कल्पना कुणी घेऊन आलं, तर आधी एक प्रश्न विचारा. इशारा वाजला तर कोण उठणार? रात्री दोन वाजता, रविवारी, दिवाळीच्या सुट्टीत? या प्रश्नाला माणसाचं नाव हे उत्तर नसेल तर मोजणी सुरू करू नका. सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावा असं म्हटलं आहे. पट्ट्यांचा खर्च आधी तिथे वळवा.

ही माहिती फार नाजूक आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती घेण्याची तरतूद आहे, आणि मुलांच्या वर्तनावर नजर ठेवण्यावर बंधनं आहेत. एखाद्या मुलीच्या नावापुढे उमटलेला लाल ठिपका प्रवेशाच्या, वसतिगृहाच्या किंवा शिष्यवृत्तीच्या कागदापर्यंत कधीच पोहोचता कामा नये.

शाळेच्या हातात दुसरंही पुष्कळ आहे. नापास झाल्यावर वर्ष वाया न घालवता पुन्हा परीक्षेची संधी मिळणं ही जीव वाचवणारी गोष्ट आहे. आपल्याकडे दहावीच्या मुलांसाठी 2015 पासून निकालानंतर लगेच फेरपरीक्षा होते. निकालाच्या दिवशी गुणवंतांच्या फलकाआधी या फेरपरीक्षेची माहिती आणि समुपदेशकाचा नंबर दारावर लावा. कोण आलं नाही ते पाहा, आणि त्या घरी फोन करा.

चार्जिंगची वेळ

शेवटचं पथ्य सगळ्यांत सोपं आहे. घड्याळ दर एक-दोन दिवसांनी मनगटावरून काढून चार्जिंगला लावावं लागतं. ती वेळ ठरवून टाका, रात्री जेवणं झाल्यावरची. त्या अर्ध्या-पाऊण तासात काहीच मोजलं जात नसतं. तुमचाही फोन तिथेच, घड्याळाशेजारी ठेवून द्या आणि मुलाजवळ जाऊन बसा. रोज काही गंभीर बोलायला हवं असं नाही. कधी क्रिकेट, कधी मैत्रिणीचं भांडण, कधी नुसतं गप्प. असे वीस-पंचवीस साधे दिवस गेलेले असले, की एखाद्या रात्री "जगावंसं वाटतं ना तुला?" हा प्रश्न आकाशातून पडल्यासारखा वाटत नाही. आणि मुलालाही ठाऊक असतं, की घड्याळ उतरवल्यावर उत्तर ऐकायला इथे कुणीतरी बसलेलं असतं.